घरगुती शास्त्राभ्यास गट सुरू करतोय : चर्चा हवी, पण भरकटायला नको

वानवडी_गुरुवार

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) विभागवार गट करायचं ठरलंय. पुण्यातल्या वानवडी-फातिमानगर भागातली आठ कुटुंबं, म्हणजे १४-१५ मोठी माणसं, वय २२ ते ७४. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ, आळीपाळीने एकेकाच्या घरी. पाळकसाहेबांना महिन्यातून एकदाच जमेल, बाकीचे गुरुवार आमचे आम्हालाच सांभाळायचेत.

अडचणी अशा. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, रविवारी उपदेश होतोच, मग चार जणांची चार मतं ऐकून काय साधणार? त्यातून चुकीची शिकवण शिरेल ती वेगळीच. आणि बायबलमधलं पुस्तक कोणतं घ्यायचं असं विचारलं की सगळे एका सुरात ‘प्रकटीकरण!’ (म्हणजे अगदी शेवटचं पुस्तक) म्हणतात. कुणाकडे जुनं पवित्र शास्त्र, कुणाकडे सोप्या भाषेतलं, तरुणांकडे मोबाईलवर इंग्रजी. दीड तासाची वाटणी कशी करावी? ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी कृपया नेमकं सांगावं. ‘प्रार्थनेने सुरुवात करा’ एवढं आम्हालाही माहीत आहे. 🙂

उतारा_आधी

आधी आकडा बघा. चर्चेला ५० मिनिटं धरली आणि माणसं १५, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन मिनिटंही येत नाहीत. प्रत्यक्षात चौघे बोलतात आणि अकरा जण माना डोलावतात. म्हणून गाणं आणि वाचन एकत्र करा, मग सात-सात जणांचे दोन गट करून एक बाहेरच्या खोलीत, एक आत. प्रार्थनेला पुन्हा एकत्र या. माझ्या मते दहाच्या वर गेलेला गट हा चर्चागट राहत नाही, ती छोटी सभा होते.

ज्येष्ठांना जुन्या करारातल्या नहेम्याचा ८ वा अध्याय वाचून दाखवा. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, पण तेवढ्यावर भागत नाही. सातव्या-आठव्या वचनात लेवी (मंदिरात सेवा करणारे) जमलेल्या लोकांना अर्थ समजावून सांगतात. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातल्या लोकांची वाखाणणी कशासाठी आहे? पौलाचं ऐकून ते घरी गेले म्हणून नव्हे, तर ‘हे असंच आहे का’ म्हणून रोज शास्त्रात शोधत राहिले म्हणून. उपदेशात तुम्हाला उत्तर मिळतं. गटात तुमचा गैरसमज उघडा पडतो, कारण तो तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवता. हा फायदा दुसऱ्या कशात नाही.

पण ज्येष्ठांची भीतीही खोटी नाही. ‘तुम्हाला या वचनातून काय वाटतं?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला की गट हातातून गेलाच. लोक आपापलं सांगतात, एकमेकांच्या मतांना ‘आमेन’ म्हणतात आणि पुस्तक मांडीवर मिटलेलं राहतं. क्रम असा ठेवा : काय लिहिलंय, त्याचा त्या वेळच्या लोकांना अर्थ काय होता, मग आपण काय करायचं. पहिली पायरी गाळली की दुसरीत अंदाज सुरू होतात आणि तिसरीत नुसता उपदेश.

मार्क ४:३५-४१ घ्या, वादळ शांत केल्याचा उतारा. बहुतेक गट सुरुवातच ‘तुमच्या आयुष्यातलं वादळ कोणतं?’ इथून करतात. मग आजारपणं, नोकऱ्या, सासरच्या कटकटी निघतात आणि येशू नावेतच झोपलेला राहतो. त्याऐवजी विचारा : पलीकडे जाऊ या असं म्हणालं कोण? (येशू स्वतः. म्हणजे वादळात सापडले ते त्याचं ऐकून.) दिवसाची वेळ कोणती? आणखी नावा होत्या का? तो कुठे, कशावर झोपला होता? शिष्यांच्या बोलण्यात विनंती आहे की तक्रार? आणि माझा आवडता प्रश्न : मार्क ‘ते अत्यंत भ्याले’ असं स्वतः कधी लिहितो, वादळ चालू असताना की थांबल्यावर? ४१ वं वचन बघा. वादळ थांबल्यावर! का? या ‘का’वर गट वीस मिनिटं रंगतो आणि मग ‘वादळ’ आपोआप नीट जागेवर येतं.

अशा प्रश्नांची तयारी घरून करा. तीन ‘काय’चे, तीन अर्थाचे, दोन आचरणाचे, आठाच्या वर नको. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. शांतता झाली की चालवणारा घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. दोनदा असं झालं की लोकांना कळतं, थांबलं की उत्तर मिळतं, आणि ते बोलायचे बंद होतात. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा प्रश्न वहीतच खोडून टाका.

पुस्तक : प्रकटीकरण पहिलं नको. फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चार अध्याय, १०४ वचनं, आठ गुरुवार : १:१-११, १:१२-२६, १:२७ ते २:११, २:१२-३०, ३:१-११, ३:१२ ते ४:१, ४:२-९, ४:१०-२३. बघा, दोनदा अध्यायाची हद्द मी मुद्दाम ओलांडली आहे. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टनच्या नावावर असलेली. नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. पौलाने पत्र लिहिलं, आकडे घातले नाहीत. ‘आज एक अध्याय’ असा हिशेब धरला की वाक्याचा ‘म्हणून’ एका गुरुवारी आणि कारण मागच्या गुरुवारी राहतं.

वेळ : जमणं, एक गाणं आणि प्रार्थना १० मिनिटं, उतारा दोनदा मोठ्याने वाचणं १० (दोन वेगळे आवाज), ‘काय’ला १५, अर्थाला २०, आचरणाला १५, प्रार्थना १५. उरलेली पाच मिनिटं फातिमानगर चौकातल्या वाहतुकीच्या नावाने सोडा.

चहा शेवटी. सुरुवातीला दिलात तर पावणेआठपर्यंत कपबशाच वाजतील. पंच हौद मिशनमधल्या १८९० च्या एका चहाने टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेलं होतं, तेव्हा पुण्यात चहाला कमी लेखू नये.

जुनी_आवृत्ती

वरचं सगळं पटलं. मी फक्त आवृत्त्यांबद्दल लिहितो, कारण अर्धे वाद तिथूनच निघतात.

गटाचा पायाभूत मजकूर एकच ठेवा आणि मोठ्याने वाचन त्यातूनच करा. पाळकसाहेब रविवारी जी आवृत्ती वाचतात तीच बरी. बाकीच्या उघड्या असू देत, पण त्या ‘तुमच्याकडे काय शब्द आहे?’ असं विचारल्यावरच. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं पंडिता रमाबाईंचं भाषांतर (संपूर्ण छपाई १९२४, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी) कुणाच्या घरी असेल तर जरूर आणायला सांगा. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून काम केलं होतं, आणि साध्या बाईमाणसाला कळावं हा त्यांचा कटाक्ष होता.

मोबाईलवर इंग्रजी वाचणाऱ्यांना एक गोष्ट दाखवून द्या, मराठीबद्दल आदर वाढेल. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम. लूक २२:३१-३२ तिथे वाचलं तर वाटतं सगळं पेत्राशीच चाललंय. मराठीत बघा : सैतानाने ‘तुम्हांला’ चाळायला मागितलं, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केली. धोका सगळ्या शिष्यांना, प्रार्थना एकासाठी, आणि तो सावरला की त्याने भावांना स्थिर करायचं. ग्रीकमध्ये हा फरक आहे, मराठीने तो राखलाय. तसंच करिंथकरांस पहिलं पत्र ३:१६ : ‘तुम्ही देवाचे मंदिर’ म्हणजे संपूर्ण मंडळी. त्यावरून एकट्याने व्यायाम करण्याचा धडा काढू नये.

मात्र मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही असतं, तिथे उलटा घोटाळा होतो. यिर्मया २९:११ हे फ्रेमवरचं लाडकं वचन. दहावीच्या निकालापासून साखरपुड्यापर्यंत कुठेही चालतं. त्यातला ‘तुम्हां’ म्हणजे बाबेलला नेलेले बंदिवान, आणि त्याच्या अगदी आधीचं वचन सांगतं की सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना परत जाणं दिसणारही नव्हतं. हे कळल्यावर वचन लहान होत नाही, उलट वजनदार होतं.

आणखी एक खास आपली भानगड : ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द. १ योहान १ मध्ये सुरुवातीला ‘आम्ही’ (ज्यांनी पाहिलं, ऐकलं ते) आणि पुढे ‘आपण’ (लिहिणारा आणि वाचणारे मिळून) आहे, ती निवड अनुवादकांनी संदर्भावरून केलेली आहे. निवड योग्यच आहे. पण ‘इथे आपण लिहिलंय, आम्ही नाही, म्हणून अमुक सिद्धांत’ असा किल्ला एका सर्वनामावर कुणी बांधू लागलं तर तिथेच थांबवा.

ओळखीचे वाटणारे शब्द सगळ्यात फसवे. ‘प्रायश्चित्त’ म्हटलं की मराठी कानाला वाटतं, चूक करणाऱ्याने स्वतः घ्यायची शिक्षा. १ योहान २:२ मध्ये दिशा बरोबर उलटी आहे. ‘देह’ म्हटलं की शरीर, मग शरीर वाईट, मग उपास-तापास. गलतीकरांस पत्र ५:१९-२१ मधली देहाची कर्मं मोजायला लावा : वैर, कलह, मत्सर, राग, तट. यातलं किती शरीराचं आणि किती मनाचं? दोन रकाने करून भरायला द्या, दहा मिनिटांत गैरसमज निघतो. योहान ३:३ मधल्या ‘नव्याने’ साठीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वरून’ असाही होतो. येशूशी बोलणारा निकदेम एकच अर्थ धरून बसतो म्हणून तर तो गोंधळतो. बहुतेक आवृत्त्यांना दोन्ही अर्थ एका शब्दात आणणं जमत नाही, तिथे तळटीप वाचा.

नाना_पेठ_थेट

अभ्यास वगैरे ठीक, पण गट फुटतात ते ग्रीकमुळे नव्हे. समोशामुळे फुटतात.

पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी समोसा, चौथ्या घरी पुलाव-रायता. पाचव्या घराला झेपत नाही, पण ते तसं सांगत नाहीत. ‘या गुरुवारी पाहुणे येणारेत’ म्हणतात, आणि मग यायचेच बंद होतात. पहिल्याच दिवशी ठरवा : चहा आणि बिस्किटं, वाढदिवस असला तरी तेवढंच. ज्यांचं घर एका खोलीचं आहे त्यांची पाळी वगळू नका, तिथे फक्त सातांचा एकच गट बसवा.

दुसरं, प्रार्थनाविनंत्या. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय माहीतच आहे’ ही प्रार्थना नव्हे, ही बातमी. नियम : विनंती स्वतःसाठी किंवा संबंधिताला विचारून. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त पत्ता, वेळ आणि उतारा. विनंत्या अजिबात नाहीत. पुढे ढकललेला मेसेज परत येत नाही.

तिसरं, ‘प्रभूने मला दाखवलं’ हे वाक्य. यापुढे कोण काय बोलणार? भांडू नका, हसू नका. चालवणाऱ्याने शांतपणे विचारावं, ‘हे या उताऱ्यात कुठल्या वचनात दिसतं?’ दिसलं तर सगळ्यांचा फायदा. नाही दिसलं तर ‘ही तुमची साक्ष आहे, आपण ती उताऱ्याचा अर्थ म्हणून नको धरू या’.

यापुढचं मात्र कडक. उसनवारी, भिशी, विमा, साखळी योजना यांना गटात जागा नाही, नंतरच्या चहातही नाही. आजारी माणसाला औषध बंद करायला कुणी सुचवलं तर त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर खोडून काढा. नंतर एकट्याला गाठून सांगू असं म्हणू नका, कारण ऐकलेलं सगळ्यांनी असतं. घरात मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असं काही कुणी बोललं तर त्यावर गटाने चर्चा करायची नाही आणि वचनंही फेकायची नाहीत. एका जबाबदार व्यक्तीने त्याच रात्री सोबत राहून डॉक्टर, पोलीस किंवा पाळक यांच्यापर्यंत न्यायचं. गट म्हणजे दवाखाना नव्हे.

आणि सोसायटीत असाल तर चपला दारात पसरू नका, नऊनंतर कोरस नको. शेजाऱ्याशी वाकडं घेऊन ‘शेजाऱ्यावर प्रीती’ शिकवता येत नाही.

क्वार्टरगेट_बेंच

मी कॅथलिक, त्यामुळे थोडा वेगळा सूर. उतारा_आधी यांची पद्धत चांगली आहे पण तिला तयारी केलेला माणूस लागतो. तसा माणूस दर आठवड्याला मिळत नसेल तर आमच्या छोट्या समूहांत वापरतात ती सात पायऱ्यांची पद्धत बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने ती पसरवली. प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, मग प्रत्येकाने मनाला भिडलेला शब्द किंवा छोटं वाक्य मोठ्याने म्हणणं (स्पष्टीकरण न देता, तीनदा, मध्ये थोडं थांबून), तीन-पाच मिनिटं पूर्ण शांतता, काय भिडलं ते सांगणं, या आठवड्यात गटाने मिळून काय करायचं ते ठरवणं, प्रार्थना. पाचव्या पायरीत एकमेकांच्या बोलण्यावर टिप्पणी करायची नाही. वाद होतच नाही. सहावी पायरी लोक पटकन उरकतात, तिथेच खरी कसोटी असते : कोण, काय, कधी हे नावानिशी ठरलं पाहिजे.

कॅथलिक-प्रोटेस्टंट मिश्र गट असेल (वानवडीत असणारच) तर पहिल्याच दिवशी सांगून टाका की आमच्या शास्त्रात ७३ पुस्तकं, तुमच्यात ६६. दहा आज्ञांचे क्रमांकही वेगळे पडतात. ‘सातवी आज्ञा’ म्हणालात तर आम्हाला चोरी आठवते आणि तुम्हाला व्यभिचार! क्रमांक न सांगता आज्ञा म्हणा.

उतारा_आधी

सात पायऱ्या शुभवर्तमानातल्या गोष्टींना छान चालतात. पत्रांना लावताना जपून. फिलिप्पै. ४:१३ मधून एखादा ‘सर्व काही करावयास शक्तिमान’ एवढेच शब्द उचलतो आणि परीक्षा, प्रमोशन, क्रिकेट सगळीकडे लावतो. ११-१२ मध्ये पौल सांगतोय की त्याला उपाशी राहणंही जमतं आणि तृप्त राहणंही, तेही तुरुंगातून. टिप्पणी करायचीच नाही असा नियम असेल तर ही चूक दुरुस्त करणार कोण? माझा तोडगा : शांततेच्या आधी दहा मिनिटं ‘काय लिहिलंय’चे प्रश्न घालावेत, पुढे पायऱ्या तशाच.

वानवडी_गुरुवार

खूप मदत झाली, समोसा मुद्दा तर प्रिंट काढून लावणार. तीन राहिलेल्या गोष्टी. (१) दोन आज्यांना वाचता येत नाही, त्या संकोचाने मागे बसतात. (२) एक निवृत्त काका आहेत, अभ्यास दांडगा, पण बोलायला लागले की वीस मिनिटं. त्यांना दुखवायचं नाही. (३) प्रकटीकरणाचा आग्रह सुटत नाहीये.

जुनी_आवृत्ती

आज्यांसाठी : ‘एकेक वचन वाचत पुढे जाऊ’ ही प्रथा बंद करा. न वाचता येणाऱ्याची पाळी जवळ येते तसा त्याचा जीव वर-खाली होतो, आणि तुटक वाचल्याने बाकीच्यांनाही धागा लागत नाही. चांगला वाचणारे दोघे आधीच नेमा. गोष्टीचा उतारा असेल त्या दिवशी (रूथ घ्याच कधीतरी, चार अध्याय, चार गुरुवार) वाचून झाल्यावर पुस्तकं मिटायला सांगा आणि एका आजीला गोष्ट पुन्हा सांगायची विनंती करा. बाकीच्यांचं काम, सुटलेलं किंवा जास्तीचं काय ते पुस्तक उघडून शोधणं. ओव्या, भजनं ऐकून पाठ असलेल्या पिढीची स्मरणशक्ती तुमच्या मोबाईलवाल्यांना गप्प बसवेल.

नाना_पेठ_थेट

काकांना समोर नका बसवू, चालवणाऱ्याच्या शेजारी बसवा. समोर असलं की नजर मिळते आणि नजर मिळाली की परवानगी मिळाल्यासारखं होतं. आदल्या दिवशी फोन करून काम द्या : ‘काका, फिलिप्पै शहर कसं होतं, रोमी वसाहत म्हणजे काय, हे उद्या पाच मिनिटांत सांगाल का?’ अभ्यासाचा मान राहतो आणि मर्यादाही आधीच ठरते. तरी सुटले तर श्वास घेतील तिथे, ‘काकांचा मुद्दा धरून बाकीच्यांना विचारू या’. दोन महिन्यांनी त्यांनाच एक गुरुवार चालवायला द्या, अट एकच : फक्त प्रश्न विचारायचे.

उतारा_आधी

प्रकटीकरण हवंच असेल तर फक्त अध्याय २ आणि ३. सात मंडळ्या, सात गुरुवार : इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. पशू, शिक्के, हजार वर्षं, ६६६, काही नाही. कुणी विचारलंच तर वहीच्या शेवटच्या पानावर ‘नंतरचे प्रश्न’ म्हणून लिहून घ्या आणि पाळकसाहेबांच्या गुरुवारी काढा.

प्रत्येक पत्राला तोच तक्ता : ख्रिस्ताचं वर्णन काय (आणि ते अध्याय १ मध्ये कुठे आलंय), कौतुक काय, दोष काय, करायचं काय, अभिवचन (आश्वासन) काय. दोन पत्रांत दोषाचा रकाना रिकामा राहील, एकात कौतुकाचा. कोणत्या ते आधी सांगू नका, शोधू द्या.

लावदिकीयाच्या वेळी दोन ठिकाणी गट घसरतो. एक, ‘थंड’ म्हणजे अविश्वासी आणि ‘गरम’ म्हणजे आवेशी. मग प्रभू ‘थंड असतास तर बरं’ असं का म्हणेल? जवळच्या हेरापलीत गरम पाण्याचे झरे, कलस्सैकडे थंड पाणी. गरम उपयोगी, थंडही उपयोगी, कोमट कशाचंच नाही. (कलस्सै. ४:१३ मध्ये लावदिकीया आणि हेरापली शेजारी-शेजारी आलीत, ते वाचायला लावा.) दोन, ३:२० चं दार. चित्रांमुळे ते अविश्वासी माणसाच्या हृदयाचं दार वाटतं. पत्राचा पत्ता वाचा : दार मंडळीचं आहे आणि प्रभू बाहेर उभा आहे. त्या गुरुवारी आचरणाच्या प्रश्नाला पंधराऐवजी पंचवीस मिनिटं ठेवा आणि एक गाणं कमी करा.